लांब राइडला सायकलच्या फ्रेमच्या जॉमेट्रीने, म्हणजे तिच्या मापांनी आणि कोनांनी, खरंच फरक पडतो, की शरीराला सवय होते?

पडतो, आणि चांगलाच पडतो. तुम्ही म्हणता, रेस (वेगासाठीची) आणि एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची) दोन्ही फ्रेम ५४ साइझच्याच, मग हात आणि मान दुखते ती सरावाने थांबेल ना? सरावाचा हा सल्ला मी इतका ऐकलाय की उत्तर लिहायलाच बसले.

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तास मिळतात. वेळेची मला कधी भीती नव्हती. पण रेस फ्रेमवर निम्मं अंतर कापलं की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. एकदा तर शेवटच्या टप्प्यात बोटांत जोरच उरला नाही, गिअरचा लिव्हर तळहाताने ढकलत होते. घरी पोचल्यावर कुलपात किल्ली फिरेना. ग्रुपमधल्या एका अनुभवी दादांचं निदान तयार होतं: पोटाचे स्नायू कमजोर, प्लँक करा. प्लँक मी आधीपासूनच करत होते. मग ग्लोव्ह्ज बदला, मग हँडलची टेप जाड करा, आणि शेवटी ‘स्टीलची फ्रेम घ्या, स्टील झटके खातं’.

शेवटी सायकल भिंतीला टेकवून मीच मापं घेतली. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस फिरतो त्या जागेच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, म्हणजे स्टॅक, ५३५ मिमी. मैत्रिणीच्या त्याच साइझच्या एन्ड्युरन्स फ्रेमचा ५७५. सरळ चार सेंटिमीटर! हँडल तेवढं खाली म्हणजे दिवसभर भार तळहातांवर, आणि करंगळीकडची नस तळहाताच्या त्याच कडेने जाते. तिची सायकल मागून घेऊन लांब राइड केल्या. बोटं ठणठणीत. प्लँक तेवढेच.

तेव्हा ५४ चा स्टिकर विसरा, स्टॅक आणि रीच (त्याच दोन टोकांमधलं आडवं अंतर) बघा. खाली स्पेसर (कड्या) लावून हँडल उचलता येतं, आणि हेड ट्यूबचा कोन ७३ अंश असेल तर दर १० मिमी स्पेसरमागे ते जवळजवळ ३ मिमी मागेही येतं. पण कार्बन स्टिअररवर (हेड ट्यूबमधून वर येणाऱ्या फोर्कच्या नळीवर) कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे स्पेसर चढवू नका. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोनही बघा: एका अंशाने सीट साधारण १२ मिमी पुढे-मागे होते, आणि सीट पुढे गेली की भार पुन्हा हातांवर. लांब चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) आणि व्हीलबेसने (दोन चाकांमधल्या अंतराने) सायकल सरळ रेषेत शांत चालते, हेही खरं.

आता स्टीलचं. फ्रेमचे त्रिकोण उभ्या दिशेने इतके ताठ असतात की ती कशाचीही असो, दबतो तो मुख्यतः टायर. २५ च्या जागी ३२ मिमीचा टायर कमी हवेवर चालवा, फरक पहिल्याच खराब रस्त्यावर कळेल. एन्ड्युरन्स फ्रेममध्ये तो सहसा बसतो, बऱ्याच जुन्या रेस फ्रेममध्ये बसतच नाही. हे दादांना मी मापं दाखवून सांगितलं, तरी ते अजून नव्या पोरींना प्लँकच सांगतात. तुम्हाला कोणी तसं सांगितलं तर आधी त्यांना तुमच्या फ्रेमचा स्टॅक विचारा.

एक मात्र आहे, हँडल फार वर घेतलं तर सगळा भार सीटवर येतो आणि समोरच्या वाऱ्यात दमछाक होते. शरीर लवचीक असेल तर रेस फ्रेमही काहींना छान मानवते. आणि बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.