मेंढीच्या पुटिका मोजण्याआधी

पहिला आठवडा पुटिका, म्हणजे अंडाशयातल्या बीजांड वाढवणाऱ्या पिशव्या, मोजूच नकोस, नुसत्या बघ.

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा अंडाशयं मिळाली तर तुकडा जागच्या जागीच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, टाक. आपल्या दमट उकाड्यात ती पिशवीत घालून एसटीने आणलीस तर वाटेतच पेशी विरायला लागतात, आणि ते विरणं पुटिकेच्या ऱ्हासासारखंच, म्हणजे ती न फुटता जिरते तसंच, दिसतं. माझ्या पहिल्या सगळ्या स्लाइड यामुळेच वाया गेल्या. फार जिवाला लागलं होतं.

ताजं अंडाशय मात्र आधी भिंगाखाली धर. निरोगी पुटिका स्वच्छ, पारदर्शक, वर लालचुटूक केशवाहिन्यांचं जाळं. ऱ्हास पावणारी मळकट, पांढुरकी. जाळं फिकट होत गेलेलं. मेंढीचं ऋतुचक्र साधारण १७ दिवसांचं असतं. त्यात पुटिका लाटेलाटेने वाढतात, पण ५-७ मिलिमीटरपर्यंत पोचून फुटतात एक-दोनच, बाकीच्या जिरतात.

आता खरी गोम. रक्तवाहिन्या बाहेरच्या थीका थरापर्यंतच येतात. आतल्या ग्रॅन्युलोसा थरात एकही शिरत नाही. त्या पेशींना प्राणवायू आणि संप्रेरकं दोन्ही थरांमधल्या पडद्यातून झिरपूनच मिळतात. म्हणून 'रक्त आटलं, पुटिका मेली' असं लिहिण्याचा मोह होतो. थांब. ग्रॅन्युलोसाच्या पेशी आधी मरायला लागल्या आणि मग वाहिन्या ओसरल्या, असंही असू शकतं. एका कापावरून ते ठरत नाही. सलग काप घे आणि प्रत्येकात दोन्ही थर वेगवेगळे नोंदव.