थंड इंजिनाची गुरगुर, टायरच्या उड्या

प्रश्न : नवी स्पोर्ट्‌स कार सकाळी सुरू केली की मिनिटभर मोठ्याने गुरगुरते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं उड्या मारतात. गाडीत दोष आहे का?

उत्तर : नाही. थंड इंजिन मुद्दाम १,२०० ते १,५०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) फिरवलं जातं, ठिणगीही उशिरा पडते. त्यामुळे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. उभ्या गाडीला रेस देऊ नका, हळू चालवत निघा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तापलं तरी इंजिन ऑईल तापण्यात मागेच असतं. ते ८० अंशांपर्यंत येईस्तोवर ३,००० आरपीएम ओलांडू नका, हे कटाक्षाने पाळाच. उड्यांचं कारण रुंद, ताठ टायर. पूर्ण वळणावर दोन्ही चाकांचे कोन जुळत नाहीत, टायर फरपटतो आणि सुटतो. थंडीत जास्तच. स्टिअरिंग पूर्ण वळणावरून थोडं मागे घ्या. सरळ जातानाही धक्के बसले, तर मात्र गाडी लगेच दाखवा.