मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. उद्या त्याच्या हातून गुन्हा घडला तर?

हा प्रश्न घेऊन आलेल्या आईने घरातल्या सुऱ्या आधीच कुलपात टाकल्या होत्या. चोवीस वर्षांच्या मुलाचं बाहेर जाणं बंद केलं होतं आणि रात्री त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली जात होती. निमित्त एका बातमीचं. ‘मनोरुग्णाने शेजाऱ्यावर हल्ला केला’, एवढंच त्या बातमीत होतं. (ओळख पटू नये म्हणून प्रकरणातले तपशील बदलले आहेत.)

स्किझोफ्रेनिया या तीव्र मानसिक आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय खरे वाटतात. पण आजार आहे म्हणजे धोका आहे, असं धरून चालणाऱ्याला खरा धोका कुठे आहे ते दिसत नाही. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००६ साली मांडलेल्या हिशेबात, हिंसक गुन्ह्यांपैकी तीव्र मानसिक आजारांकडे बोट दाखवता येईल असा वाटा सुमारे ५ टक्के निघाला. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात रुग्णालयातून घरी गेलेल्यांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या लोकांशी केली होती. ज्यांना व्यसन नव्हतं ते रुग्ण शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. व्यसन आलं की चित्र बदलत होतं. शिवाय तीव्र आजार असलेली माणसं स्वतःच मारहाणीला, लुबाडणुकीला कितीतरी जास्त बळी पडतात. त्याची बातमी सहसा होत नाही.

आकडे ऐकून आईची भीती जात नाही, आणि जाऊही नये. तिच्या मुलाबद्दल आकड्यांना काहीच माहीत नसतं. म्हणून चौकशी मुलाकडे वळली. याआधी कुणावर हात उचललाय का? कधी, कुणावर, त्याच्या आधी काय घडलं होतं? दारू, गांजा? औषध सलग किती दिवस चुकलं? आवाज ऐकू येतात, तर ते नुसते बोलतात की काही करायला सांगतात? ‘अमुक माणूस माझ्या जिवावर उठलाय’ असं एखादं नाव तो घेतो का? उशाशी काही ठेवून झोपतो का? जीव देण्याची भाषा करतो का? हा शेवटचा प्रश्न घरचे स्वतःहून सहसा काढत नाहीत, आणि या आजारात दुसऱ्याच्या जिवापेक्षा स्वतःच्या जिवाचा धोका बहुतेकदा मोठा असतो.

उत्तरांतून तीन गोष्टी हाती लागल्या. गोळ्या पाच आठवडे बंद होत्या. मित्रांबरोबर गांजा सुरू होता. आणि वरच्या मजल्यावरचा एक माणूस आपल्यावर पाळत ठेवतो, असं तो आठवडाभर म्हणत होता. पूर्वी त्याने कुणाला मारल्याची नोंद नव्हती. तरीही या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वाट पाहायची नसते. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरली.

गोळ्या बंद का झाल्या? आई त्या जेवणात कुस्करून घालत होती आणि मुलाने ते पाहिलं. ज्याला आधीच वाटतंय की आपल्याला विष घालतायत, त्याला पुरावाच मिळाला. लपवून औषध देण्याचा हा उपाय घरोघरी सापडतो, आणि उलटतो तो असाच. रोजच्या गोळीवरून झगडा होत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं. त्याबद्दल डॉक्टरांनी मुलाशीच बोलायचं. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट डोस मात्र देऊ नये. औषधाने फरक दिसायला एक-दोन आठवडे आणि पुरता परिणाम जोखायला साधारण सहा आठवडे जातात, तेव्हा चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणू नये. स्वीडनमधल्याच २०१४ सालच्या एका अभ्यासात एकाच रुग्णाचे औषध चालू असतानाचे आणि नसतानाचे काळ ताडून पाहिले. औषध चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी होते.

कडी काढायला सांगितली. कोंडलेल्या माणसाचा संशय वाढतो, आणि आग लागली तर तो अडकतो. सुऱ्या मात्र काही आठवडे नजरेआड राहू दिल्या, गाजावाजा न करता.

घरासाठी एक कागद लिहून दिला. दोन रात्री झोप नाही, पडदे सतत ओढलेले: दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. कुणाचं नाव घेऊन धमकी, किंवा आवाज काही करायला सांगतायत: त्याच दिवशी रुग्णालय. हातात हत्यार: सगळ्यांनी खोलीबाहेर आणि आपत्कालीन मदतीला फोन. फोनवर आधी सांगायचं की मानसिक आजार आहे, औषध बंद आहे, हातात अमुक आहे. बोलताना एकानेच बोलायचं, दोन हात लांब राहून, दाराकडची त्याची वाट मोकळी ठेवून. ‘असं काही नाहीच’ म्हणून वाद घालायचा नाही आणि ‘हो, तो पाळत ठेवतो खरा’ असंही म्हणायचं नाही. ‘मला तसं दिसलं नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय’ एवढं पुरतं.

दुसऱ्या भेटीत वडील आले. मुलाने कपाटातले पैसे चोरले होते, तेही आजारामुळेच ना? नाही. पैसे गांजासाठी गेले होते. त्यात भास नव्हता की आवाज नव्हता. आजार असलेल्या माणसालाही वाईट संगत, रिकामा वेळ आणि व्यसन इतरांसारखंच गुन्ह्याकडे ओढतं, आणि नुसत्या गोळीने ते सुटत नाही. म्हणून व्यसनमुक्तीचे उपचार वेगळे सुरू केले, दिवसाचे चार तास काम ठरवलं आणि पैशांची हप्त्याने परतफेड. कायद्याचं तर्कशास्त्रही असंच आहे: इंग्लंडमधल्या १८४३च्या मॅकनॉटन नियमापासून अनेक देशांत गुन्ह्याच्या जबाबदारीतून सुटायला नुसतं निदान पुरत नाही. आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी आजारामुळे कळत नव्हतं असं दाखवावं लागतं.

वरच्या मजल्यावरच्या माणसाला सांगायचं का, हा आईचा शेवटचा प्रश्न होता. संशय नुसता आहे आणि उपचार सुरू झालेत, तोवर निदान सांगत फिरायचं कारण नाही. पण मुलाने त्याचं नाव घेऊन इजा करण्याची भाषा केली, तर गुप्तता बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवायचं आणि त्या माणसालाही सावध करायचं.