पूर्वी संगीत नाटकांत खरे दागिने घालायचे ना? मग हौशी नाटकात भाड्याच्या खोट्या दागिन्यांपेक्षा घरचं सोनं घातलं तर काय बिघडलं?

‘खोट्या’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले. माझ्या वडिलांचा कपडेपट होता, म्हणजे नाटकांना कपडे-दागिने भाड्यानं देण्याचा धंदा.

गंधर्व नाटक मंडळीचं (स्थापना १९१३) तुम्ही म्हणता ते बरोबर. बालगंधर्वांना शालू, अत्तर, दागिने, सगळं अस्सल लागे. पण कंपनी कर्जात बुडाली त्यात या हौसेचाही वाटा होता. आमच्या दशावतारातले मुकुट बघा: लाकूड नाहीतर पुठ्ठा, वर बेगड (चकचकीत पातळ वर्ख) आणि काचा. रात्रभर युद्धं नाचायची तर डोक्यावर सोनं पेलेल का?

मी नववीत असताना गावच्या गणेशोत्सवात ‘स्वयंवर’ बसवलं होतं. रुक्मिणीचं काम करणाऱ्या बाईंच्या जाऊबाई विंगेत आल्या आणि बाबांनी मांडलेला संच बाजूला सारून म्हणाल्या, “आमच्या घरची बाई भाड्याचं पितळ घालायची नाही.” मग घरची मोहनमाळ, तोडे, बिलवर चढले. बाबा गप्प राहिले. मी रागानं शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथून मोहनमाळ म्हणजे गळ्यावर एक पिवळट रेघ! पदं चालू असताना बिलवरांची खणखण माईकमधून ऐकू येत होती. दुसऱ्या अंकात तोड्याची फिरकी सैल झाली, आणि पुढचा सगळा प्रवेश रुक्मिणी मनगट धरून उभी. कृष्णाकडे लक्ष कुठलं, जीव तोड्यात.

बाबांच्या संचात खडे अंगठ्याच्या नखाएवढे. काचेमागे बेगड, त्यामुळे दिव्याचा उजेड परतून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मोती पोकळ काचेचे, आत मेण भरलेलं, म्हणून मान अवघडत नाही. नथ चापाची, नाक न टोचलेले पुरुष स्त्रीपार्ट करायचे तेव्हा तीच सोयीची. बांगड्या वाजू नयेत म्हणून बाबा त्यांना मधे मधे दोरा गुंडाळायचे. एवढा विचार कुठला सराफ करतो?

लग्नासाठी मिळतात ते एक ग्रॅमवाले सेटही घेऊ नका, ते जवळून बघायचे असतात. मात्र तुमचं नाटक लहानशा हॉलमध्ये असेल, प्रेक्षक चार हातांवर बसणार असतील, तर नाजूक घरचे दागिने चालतील, हे मान्य करते. मोठा रंगमंच असेल तर संच कपडेपटातूनच आणा, रंगीत तालमीला घाला आणि एकदा मागच्या रांगेतून बघा.

आणि देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या संचाला खोटं म्हणू नका. त्या रात्री बाबांनी न वापरलेला अख्खा संच एकेक खडा पुसून पेटीत ठेवला होता.