जुन्या ट्रकचा चासी नंबर: पंच मारायच्या आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या नावावरचा पन्नाशीच्या दशकातला फार्गो ट्रक सासवडला शेडमध्ये उभा आहे, वारस म्हणून तो नावावर करायचाय, आरसी बुकात चासी नंबर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक) लिहिलेला आहे पण गाडीवर कुठेच दिसत नाही, आणि एजंट म्हणतो, "गंजून गेलाय साहेब, बुकातला नंबर नवीन पंच मारून घेऊ." एवढं शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो.

पंच मारू देऊ नका. एजंट कितीही ओळखीचा असो, "सगळे असंच करतात" म्हणो. नोंदणी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय चासीवर नंबर ठोकणं म्हणजे गाडीच्या ओळखीशी छेडछाड, आणि त्यात मालक म्हणून तुम्हीही अडकता. दुसरं म्हणजे, चासीवर खोल ठोकलेला नंबर सहसा "गंजून जात" नाही. तो झाकला जातो. ग्रीस, रंगाचे थर, पुट्टी, वरून मारलेली पट्टी. शोधणाऱ्याला खाली वाकायचा कंटाळा असतो, म्हणून गंजाचं नाव पुढे येतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या अण्णांची टाटा-मर्सिडीज होती, साठीच्या दशकातली, जाळीवर तीन टोकांचा तारा असलेली. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार 1954 ते 1969 होता, त्या काळातल्या गाड्यांवर हा तारा असतो. भवानी पेठेत भुसार बाजार होता तेव्हापासून अण्णा तीवर धान्य आणि गूळ वाहायचे, खंबाटकी आणि वरंधा घाटांत त्या गाडीने आयुष्य काढलं. अण्णा गेल्यावर गाडी नावावर करायची म्हटल्यावर आमच्याकडेही हेच झालं. बुकात नंबर आहे, गाडीवर नाही. टाटाच्या जुन्या गाड्यांवर तो उजव्या लाँग मेंबरवर (चासीच्या दोन लांब तुळयांपैकी एकीवर), पुढच्या चाकाच्या आसपास असतो. तिथे पाहिलं तर लोखंडाची सपाट पट्टी, रिव्हेट मारलेली, वर रेड ऑक्साइड. एजंट म्हणाला पंच. माझा चुलतभाऊ म्हणाला, "पंच मारून मोकळा हो, भंगाराच्या भावाच्या गाडीसाठी किती दिवस घालवणार?" मी नाही म्हटलं, आणि त्यावरून घरात जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

ती पट्टी का होती हे मला माहीत होतं. आपल्याकडे उजव्या बाजूला स्टेअरिंग बॉक्स बसतो, घाटात भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग ओढून ओढून त्या बॉक्सच्या बोल्टांपाशी चासीला तडा जातो. मग तडा वेल्ड करून वरून पट्टी मारतात. ज्यांनी ती मारली ते नाना पेठेतले मिस्त्री तेव्हा हयात होते, फार थकले होते. मी विचारल्यावर क्षणभरही न थांबता म्हणाले, "अरे बाळा, नंबरावर पट्टी मारीन का मी? खिडकी ठेवलीय तिथं. ठोकून बघ."

मी लहान हातोडी घेऊन गाडीखाली शिरलो आणि पट्टीवर पुढून मागे हळूहळू ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, आणि स्टेअरिंग बॉक्सच्या जरा मागे एका जागी आवाज बसला, भद्द. तिथला रंग खरवडला तर आत पुट्टी. मिस्त्रींनी पट्टीत काडेपेटीएवढी आयताकृती खिडकी कापून ठेवली होती, आणि पुढे कुणा रंगाऱ्याने ती पुट्टीने भरून सपाट केली होती. रॉकेलचा बोळा रात्रभर लावून ठेवला, सकाळी लाकडी खुट्टीने पुट्टी उकरली, पितळी ब्रश फिरवला, आणि अंक वर आले. एकेक अंक वेगळ्या पंचाने हाताने ठोकलेला, म्हणून ओळ जराशी वरखाली, आणि पहिल्या अंकाच्या कडेला पंच घसरल्याची बारीक रेघ. तो पाहून मला तरी तो मूळचा असल्याची खात्री पटली. शेवटचा अंक पट्टीच्या कडेखाली अर्धा दबला होता. तेवढ्यासाठी एका रिव्हेटचं डोकं छिन्नीने उडवून पट्टी जरा उचलली. ग्राइंडर मी त्या भागाला लागूच दिला नाही.

आणि आता खरी गोष्ट. बुकात शेवटचा अंक 1 होता. गाडीवर 7 निघाला. पहिली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती, तिथल्या कारकुनाच्या अक्षरातला 7 पुढे कुणीतरी 1 म्हणून उतरवला, आणि प्रत्येक नूतनीकरणात तो 1 च राहिला. अण्णांच्या ट्रंकेत विम्याची एक जुनी पॉलिसी मिळाली, तिच्यावर 7 होता. एजंटाचं ऐकून बुकाप्रमाणे पंच मारला असता तर जो नंबर त्या गाडीचा कधी नव्हताच तो तिच्या अंगावर ठोकला गेला असता, आणि खालचा खरा नंबर पुढे कधीतरी उघडा पडल्यावर गाडी चोरीची ठरू शकली असती. चुलतभावाला हे मी तेव्हाही सांगितलं. तो म्हणतो, कुणी पाहिलं असतं? इन्स्पेक्टरने पाहिलं असतं. पासिंगला ते बॅटरी तिरपी धरून आधी अंकांची धाटणीच पाहतात.

आता तुमचा फार्गो. फार्गो म्हणजे डॉजचाच भाऊ, दोन्ही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे, आणि आपल्याकडे त्यांची जुळणी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये व्हायची. अमेरिकन पद्धतीत नंबराची चकती डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते आणि चासीवरचा नंबर डाव्या लाँग मेंबरच्या पुढच्या भागात. म्हणून आधी डावीकडे, पुढच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपासून मागे दारापर्यंत, बाहेरची बाजू आणि वरची कड दोन्ही घासा. मग तेच उजवीकडे. दाराच्या खांबावरच्या चकतीवर फार आशा ठेवू नका. आपल्याकडे ट्रक बहुतेक काउल (बोनट आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि चासी असाच विकला जायचा, केबिन इथल्या बॉडीवाल्याने लाकूड आणि पत्र्यात बांधलेली. ज्या खांबावर चकती असायला हवी तो खांबच कंपनीचा नसतो. चकती असलीच तर काउलच्या पत्र्यावर, बोनट उघडल्यावर समोर, बघा. आणि चकती रिव्हेटवर असते, ती एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते. पुरावा चासीवरचाच.

इंजिन नंबर वेगळा. क्रायस्लरच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर तो ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढे वर, डायनामोच्या वरच्या छोट्या सपाट जागेवर ठोकलेला असतो, ट्रकचा असेल तर सुरुवातीला टी. मात्र त्या काळातल्या कितीतरी फार्गोंची पेट्रोल इंजिनं काढून पर्किन्स पी-6 डिझेल बसवली गेली. तसं असेल तर आरसी बुकात इंजिन बदलल्याची नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो प्रश्न चासी नंबराइतकाच मोठा आहे.

एक गोष्ट जुन्या बाजारात भंगार चाळणाऱ्या माणसांनाही कळत नाही म्हणून सांगतो. ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर, डिफरन्शियलवर जे उठावाचे आकडे असतात ते ओतकामाचे, साच्याचे नंबर. तसा आकडा हजारो गाड्यांवर सारखाच. तुमचा नंबर नेहमी खोदलेला, म्हणजे पंचाने आत गेलेला असतो. बोटाने चाचपडलं तरी फरक लागतो. त्या काळच्या फोर्डच्या जुन्या व्ही-8 च्या ब्लॉकवर तर गाडीचा नंबर ठोकतच नसत, तो गिअरबॉक्सच्या घरावर आणि फ्रेमवर, दोन्ही टोकांना तारा मारून. लोक ब्लॉकवर शोधून शोधून थकतात. आणि सतरा अक्षरी नंबर शोधू नका, ती पद्धत 1980च्या दशकापासूनची. तुमचा नंबर आखूड असणार.

सापडला की ट्रेसिंग घ्या. जागा सुकी करा, पेन्सिलचं शिसं चोळा, वर सेलोटेप दाबून उचला, पांढऱ्या कागदावर चिकटवा. दोनतीन घ्या, आणि तिरप्या उजेडात फोटोही. सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंग जे काय करायचंय ते यानंतर. भोसरीत चासी सँडब्लास्टला देऊन, उथळ नंबर घालवून बसलेले लोक मी पाहिलेत. नंबर खरंच घासून काढलेला असेल तर आम्लाने उठवता येतो, कारण पंचाचा दाब धातूत अंकाच्या खालीही उतरलेला असतो. पण ते काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचं. घरी आम्ल लावलंत तर पुरावा तुम्हीच नष्ट केला असं दिसेल.

कागदाचं थोडक्यात. वारसासाठी फॉर्म 31. मालक गेल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमच्याकडे ती मुदत उलटून गेली असणार, दंड भरून घ्यावा लागेल, त्यावर भांडू नका. बोजा असेल तर आधी तो उतरवा. बुक आणि गाडी यांत एक अंक जरी वेगळा निघाला तरी गप्प बसू नका. मूळ कार्यालयातून पर्टिक्युलर्स (गाडीच्या नोंदीचा उतारा) काढा, जुनी विमा पॉलिसी, टॅक्सच्या पावत्या जोडा आणि प्रत्यक्ष तपासणीसाठी लेखी अर्ज द्या. आमचा 1 चा 7 असाच झाला, एजंटाशिवाय. नंबर खरोखरच मिळाला नाही तरी वाट हीच, अर्ज आणि तपासणी. मग परवानगी मिळाली तर पंच कार्यालयाच्या देखरेखीखाली आणि नोंदीसकट होतो, तो वेगळा विषय.

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. गाडी नावावर झाली म्हणजे रस्त्यावर आली असं नाही. मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी आरटीओ सांगेल तिथे तपासणीला न्यावी लागेल, पर्यावरण कर आणि थकलेला टॅक्सही निघेल. 2021 च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी चारचाकींना दहा वर्षांची नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार फी, पण त्या गाड्या धंद्याला वापरता येत नाहीत. तुमचा ट्रक त्यात बसवून घेतील का, हे आरटीओला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. आणि चासीच पूर्वी कधी बदललेली असेल तर माझं वरचं सगळं अपुरं पडेल.

चुलतभाऊ हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठीही. पंच मारून काम त्या आठवड्यात झालं असतं हे मला मान्य आहे. पण अण्णांची गाडी बुकातल्या चुकीच्या आकड्याची झाली असती, आणि मिस्त्रींनी एवढी निगुतीने ठेवलेली खिडकी कुणाला कळलीच नसती. तुम्ही या रविवारी रॉकेल, पितळी ब्रश आणि लहान हातोडी घेऊन शेडमध्ये जा, डाव्या हँगरपासून सुरुवात करा. एजंटाला तोवर फोन करू नका.