वाचक विचारतात : डफडं वाजवायचं की डीजे?

प्रश्न : आमच्या गावात तूर निघाली की रात्रीचे कबड्डी सामने होतात. यंदा पोरांना मॅट, डीजे आणि मोबाइलवरून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण हवं आहे. जुनी मंडळी म्हणतात, माती अन् डफडं सोडायचं नाही. वर्गणी मोजकीच आहे. पैसा कुठे घालावा?
– एक मंडळ, ता. दर्यापूर

उत्तर : प्रक्षेपण करा, मॅट यंदा राहू द्या, डीजे नकोच.

डीजेला नकार आवाजाच्या त्रासापायी नाही. चढाई करणाऱ्याचा ‘कबड्डी कबड्डी’ दम पंचांना ऐकू आला पाहिजे, नाहीतर दम तुटला की नाही यावर भांडण ठरलेलं. शिवाय सिनेमाची गाणी वाजली की कॉपीराइटमुळे यूट्यूब प्रक्षेपण मधेच बंद करू शकतं. डफड्याला ही अडचण नाही. वाजवणाऱ्यांना गुणलेखकाशेजारी बसवा. गुण मिळाल्याची शिट्टी झाली की वाजवायचं, पुढची चढाई निघाली की हात थांबवायचा. माइकवाल्यालाही हाच नियम लावा; त्याची वऱ्हाडी मात्र तशीच राहू द्या.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. म्हणजे मॅटचे एक-एक मीटरचे १३० तुकडे नुसत्या मैदानालाच लागतात, बाहेरची मोकळी जागा वेगळी. थंडीत दंव पडलं की मॅट निसरडी होते, पाय सरकतो. पण आपली काळी मातीही बिनकामाची : सुकली की तडकते, ओली झाली की पायाला लोळ बांधते. वरचा सहा इंच थर काढून माळावरची पिवळी माती चाळून भरा. पाणी शिंपडून रोलर फिरवा, आणि हे सामन्याच्या चार-पाच दिवस आधीच उरका. रेषांना चुना नको. डोळ्यांत आणि खरचटलेल्या जागी तो जाळतो. खडूची पूड घ्या.

आता प्रक्षेपण. मोबाइलवरून थेट दाखवायला चॅनेलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा ही सोय सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. सामन्याच्या सायंकाळी चॅनेल काढणारे इथेच फसतात. ३ एमबीपीएसने पाठवलं तर तासाला सुमारे १.३५ जीबी डेटा जातो. स्पीड दुपारी रिकाम्या मैदानात मोजू नका; गर्दी जमली की प्रत्येकाचा मोबाइल त्याच टॉवरवर येतो. तेव्हा मोजा, कमी भरला तर चित्राचा दर्जा सरळ ४८०पी वर उतरवा. फोन आला की चित्र अडकतं, म्हणून वेगळा मोबाइल ठेवा आणि त्यावर येणारे कॉल दुसरीकडे वळवा. तेच चित्र मैदानातल्या पडद्यावर लावू नका. ते काही सेकंद मागे असतं. लोक पकडीला एकदा ओरडतात अन् पुन्हा एकदा.

गुणफलकाला टीव्ही हवाच असं नाही. पत्र्यावर २५ सेंटिमीटर उंचीचे काळे आकडे रंगवा, ३० मीटरवरून वाचता येतात. २०१४ पासून प्रो कबड्डी पाहून लोकांना तिसरी, ‘करो या मरो’ चढाई पाठ झाली आहे, पण मैदानात मोजणी कोणाच्याच ध्यानात राहत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की त्या संघाच्या बाजूने लाल पाटी उभी करायला एक पोरगा बसवा. खर्च शून्य, आणि पाटी वर गेली की डफड्याआधी पब्लिकच गरजतं.

प्रश्न : शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) ड्रोन आणि लेझरचं घड्याळ चालेल का?
– एक वाचक, ता. धामणगाव रेल्वे

उत्तर : ड्रोन नको. डोक्यावरच्या घरघरीने जोडी बुजली तर छकडा थेट माणसांत घुसतो. शेवटच्या रेषेवर बल्लीला कॅमेरा बांधा. लेझर जरूर लावा, हातातल्या घड्याळात बोटाची चूक सेकंदाच्या दशांशांत असते. मात्र मध्येच कुत्रं किंवा माणूस आडवा गेला तरी लेझर वेळ नोंदवतो, म्हणून दोन घडीवाले सोबत ठेवाच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा राज्य कायदा वैध ठरवला असला तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच.

प्रश्न : चढाईवर लावलेलं इनाम क्यूआर कोडने घ्यावं का?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : घ्या, पण कोड मंडळाच्या खात्याचा असू द्या, कोणा एकाच्या मोबाइलचा नको. पैसे जमा झाल्याचं खजिनदाराने खात्यात पाहिल्याशिवाय माइकवर नाव घेऊ नका. दाखवलेला स्क्रीनशॉट कालचाही असतो.