भक्षक नव्हे, भक्ष्य!

ऑटोफॅगीच्या वेळी, म्हणजे पेशी स्वतःचाच मोडका माल पचवते तेव्हा, तिच्यात जे पटल तयार होतं, त्या 'फॅगोफोर'ला मराठीत 'भक्षकपटल' म्हणावं का, असा प्रश्न आहे. मुळीच म्हणू नये. 'भक्षाच्या शोधात बिबट्या विहिरीत' असे मथळे वाचून आपला कानच बिघडला आहे. खातो तो भक्षक, खायचं ते भक्ष्य. हे पटल काहीच खात नाही. पेशीतला मोडका माल गोळा करून ते लयकारिकेकडे, म्हणजे लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, पोचवतं. पचवतात ती तिथली विकरं (एन्झाइम्स).

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. ग्रीक 'फागेइन' म्हणजे खाणं, 'फेरेइन' म्हणजे वाहणं. ग्रीक आणि संस्कृत यांच्या मूळ भाषेतला 'भ' ग्रीकमध्ये 'फ' होतो, म्हणजे पहिला आपल्या संस्कृत 'भज्' धातूचा भाऊ, दुसरा 'भृ'चा. 'भज्'चा जुना अर्थ वाटून देणं, वाटा मिळणं. त्यातूनच भाग, भाग्य. 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न. प्राकृतात 'भत्त', आणि आपल्या ताटात भात! ऑटोफॅगी आणि भात एकाच कुळातले. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भक्ष अदने' (भक्ष म्हणजे खाणं) हा वेगळा धातू दिलाय, म्हणून कित्येक व्याकरणवाले 'भक्ष्'चं 'भज्'शी नातं मानायला तयार नसतात. धातुपाठ धातूंचे अर्थ सांगतो, त्यांची वंशावळ नव्हे. 'भज्'ला 'स' जोडून 'भक्ष्' झाला, हे मला पूर्ण पटतं. आधी वाटा, मग खाणं!

पेशीतही वाटपच चालतं. एटीजी९ प्रथिन असलेल्या बारीक पुटिका (इवल्या पिशव्या) आंतर्द्रव्यजालिकेजवळ, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याजवळ, बीजासारख्या जमतात. एटीजी२ हे प्रथिन पुलासारखं मधे बसून जालिकेतली मेदद्रव्यं नव्या पटलाकडे सोडतं, आणि एटीजी९ ती पटलाच्या दोन्ही थरांत सारखी वाटतं. पटल आधी पत्रावळीसारखं चपटं असतं. मग कडा वळून त्याचा द्रोण होतो, आणि तोंड मिटलं की दुपदरी पिशवी. उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये जपानी जीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी अशाच पिशव्यांचा माग काढला. २०१६चं नोबेल त्यांना ऑटोफॅगीच्या संशोधनासाठीच मिळालं.

'भक्ष्यवाह' शब्दशः बरोबर आहे. पण तोंड मिटण्याआधीच्या त्या अवस्थेला मी 'भक्ष्यद्रोण' म्हणेन. त्याला पुन्हा 'पटल' जोडायची गरज नाही.